चढावर ॲक्सिलरेटर दाबला की फट्-फट् आवाज: इंजेक्टर बदलण्याआधी काय तपासावं

प्रश्न थोडक्यात असा: पेट्रोलवर चालणारी, चार सिलिंडरची, १,१०,००० किलोमीटर झालेली गाडी. सपाट रस्त्यावर सावकाश चालवताना काहीच त्रास नाही. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की फट्-फट् आवाज येतो, गाडी झटके देते आणि चेक इंजिनचा दिवा थोडा वेळ लुकलुकतो. गाडी उभी करून रेस दिली तर आवाज नाही. स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर नवे घातले, आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. आता चारही इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे भाग) बदलायचा सल्ला मिळालाय. बदलावेत का?

इतक्यात बदलू नका. तुमच्या वर्णनातच निदानाचं अर्धं काम झालेलं आहे. 'लोड आला की आवाज येतो, जागेवर रेस दिली तर येत नाही' आणि 'नव्या प्लगने आठवडाभर फरक पडला' ही दोन वाक्यं माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची. दोन्हींचा रोख इग्निशनकडे, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेकडे आहे, आणि त्यातही प्लगवर बसणाऱ्या रबरी बुटाकडे.

असं का म्हणतो ते सांगतो. प्लगच्या टोकाशी जी बारीक फट असते ती ओलांडायला कॉइलला हजारो व्होल्ट तयार करावे लागतात. मोकळ्या हवेत ठिणगी सहज उडते. सिलिंडरमध्ये मात्र मिश्रण दाबलेलं असतं, आणि ते जितकं जास्त दाबलेलं तितके जास्त व्होल्ट लागतात. जागेवर रेस देताना थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जेमतेम उघडलेला असतो, सिलिंडरमध्ये हवा थोडीच जाते, म्हणून दुबळी कॉइलसुद्धा काम निभावून नेते. चढावर पाय दाबला की सिलिंडर हवेने गच्च भरतो आणि फट ओलांडणं अवघड होतं. मग वीज दुसरी सोपी वाट शोधते. बुटाच्या रबराला कुठे बारीक चीर असेल, तर तिथून निघून प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीच्या बाहेरून घसरत ती थेट इंजिनच्या धातूत उतरते. त्या फेरीला सिलिंडरमध्ये जाळ होतच नाही. न जळलेलं पेट्रोल आणि हवा तशीच एक्झॉस्टमध्ये जाते, आणि तिथल्या उष्णतेने किंवा शेजारच्या सिलिंडरच्या गरम धुराने पेट घेते. तो तुमचा 'फट्'.

वीज एकदा अशी बाहेरून गेली की मागे कोळशाची रेघ ठेवून जाते. कोळशातून वीज वाहते, त्यामुळे पुढच्या वेळी तिला तीच वाट आणखी सोपी होते. तुम्ही प्लग बदललेत तेव्हा प्लगवरची रेघ गेली, पण बुटाच्या आतली तशीच राहिली. जुन्या बुटाने थोड्याच दिवसांत नव्या प्लगवर तशीच रेघ ओढली असणार. आठवडाभर बरं वाटून पुन्हा त्रास सुरू होण्याचं इतकं नेमकं उत्तर मला दुसऱ्या कुठल्या बिघाडात सापडत नाही.

हे मी चूक करून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच तक्रारीच्या एका गाडीत मी प्लग बदलले, इंजेक्टर काढून साफ केले, थ्रॉटल बॉडी धुतली, आणि दर वेळी ती आठ-दहा दिवसांनी परत आली. चौथ्या खेपेला सगळे बूट उलटे धरून आत टॉर्च मारला. तिसऱ्या सिलिंडरच्या बुटात पेन्सिलीने ओढावी तशी राखाडी रेघ होती. त्या माणसाचा वेळ आणि पैसा दोन्ही माझ्यामुळे वाया गेला, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून प्लग उघडला आणि बूट आतून पाहिला नाही, असं माझ्या हातून कधी झालं नाही.

तर सुरुवात अशी करा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचा, पण पुसू नका. पी०३०० म्हणजे कुठला एक सिलिंडर ठरत नाहीये, मिसिंग (सिलिंडरमध्ये जाळ न होणं, म्हणजेच मिसफायर) सगळीकडे विखुरलंय. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे शेवटचा आकडा त्या त्या सिलिंडरचा. कोडसोबत गाडीने त्या क्षणाची नोंदही जपून ठेवलेली असते: इंजिनचा वेग, लोड, तापमान. ती लिहून घ्या. कोड पुसला की सहसा तीही जाते, आणि मग पुढचा माणूस अंधारात चाचपडतो.

मग कॉइल काढा. कुठली कुठल्या सिलिंडरची ते चिकटपट्टीवर लिहून तिलाच लावून ठेवा. बुटाची आतली बाजू, रबराची टोकं, आतली स्प्रिंग बघा. पांढुरके डाग, बारीक चिरा, गंजलेली स्प्रिंग, राखाडी रेघ यातलं काहीही दिसलं तर बूट बाद. प्लग काढून चिनीमातीचा भाग कपड्याने पुसा. न पुसली जाणारी उभी काळी रेघ असेल तर तो प्लग नवा असला तरी बाद. धातूच्या कडेलगत चिनीमातीवर तपकिरी कडं दिसतं, त्याला मात्र घाबरू नका, ते चांगल्या प्लगवरही येतं. प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचलंय का तेही पाहा. असेल तर वरच्या व्हॉल्व्ह कव्हरची सील गेली आहे. ऑइलने रबर फुगतं आणि मऊ पडतं, म्हणून सील न बदलता नुसता बूट बदललात तर काही महिन्यांत पुन्हा इथेच याल.

प्लगची फट गेजने मोजा. साधारण ०.७ ते १.१ मिलिमीटर असते, पण तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर मिळेल, तोच खरा. नवा प्लग खोक्यातून काढला म्हणजे फट बरोबरच असेल असं धरून चालू नका. आणि प्लग हातातून फरशीवर पडला असेल तर तो बसवूच नका. चिनीमातीला गेलेली चीर डोळ्यांना दिसत नाही, पण लोडखाली ती हमखास बोलते.

डोळ्यांना काहीच सापडलं नाही तर अदलाबदल करा. समजा कोड पी०३०३ आहे. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल बुटासकट पहिल्यावर लावा आणि पहिल्याची तिसऱ्यावर. प्लगला हात लावू नका. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, नाहीतर गुन्हेगार कोण ते कळत नाही. आता कोड पुसा आणि त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये गाडी न्या. कोड पी०३०१ झाला तर दोष कॉइल किंवा बुटात. तिसऱ्यावरच राहिला तर आता प्लगची अदलाबदल करा. प्लगसोबतही हलला नाही, तरच इंजेक्टर, वायरिंग आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) यांची पाळी येते. या चाचणीला एक पैसाही लागत नाही, तरी ती फार कमी वेळा केली जाते.

मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजून ती चांगली आहे असं कुणी सांगितलं, तर तेवढ्यावर थांबू नका. थंड असताना आकडा अगदी बरोबर येतो आणि तापल्यावर लोडखाली तीच कॉइल दगा देते. जुन्या पद्धतीच्या, लांब प्लग वायर असलेल्या गाडीत अंधारात इंजिन चालू ठेवून वायरींवर बारीक पाण्याचा फवारा मारला तर गळणारी वीज निळसर ठिणग्यांच्या रूपात दिसते. त्या वेळी वायरींना हात लावायचा नाही, आणि ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी जवळही उभं राहू नये. चालू इंजिनाची कॉइल उपटून 'हा सिलिंडर काम करतोय का' ते बघायची सवय अजून दिसते. ती सोडा. शॉक बसू शकतो, शिवाय कॉइल मरू शकते आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणाऱ्या भागात जातं. सिलिंडर बंद करून पाहायचाच असेल तर त्याच्या इंजेक्टरचा कनेक्टर काढा.

कन्व्हर्टरचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट आत्ताच सांगतो. चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला असणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं. लुकलुकणारा दिवा म्हणजे मिसिंग इतकं आहे की कन्व्हर्टर जळू शकतो. न जळलेलं पेट्रोल त्याच्या आत जाऊन जळतं, आतली जाळी तापून वितळते आणि मग धुराची वाटच बंद होते. दिवा लुकलुकला की लगेच पाय उचला, आणि दुरुस्ती होईपर्यंत चढावर जोर लावू नका. कॉइलच्या बुटासारखी लहान वस्तू वेळेवर न बदलल्यामुळे कन्व्हर्टर गेलेले मी पाहिले आहेत.

इग्निशन सगळं स्वच्छ निघालं, तर पुढचा प्रश्न: आवाज नेमका कुठून येतो? मागे सायलेन्सरमधून, की पुढे एअर फिल्टरच्या डब्यातून? कुणाला तरी शेजारी बसवा, काचा खाली घ्या आणि भिंतीच्या कडेने गाडी न्या. भिंतीवरून आवाज परत येतो आणि दिशा लवकर कळते.

एअर फिल्टरकडून 'फुप्' असा आवाज येत असेल तर पहिला संशय पातळ मिश्रणावर, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. पेट्रोल नीट जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं, आणि जोर लावताना त्याहून थोडं जास्तच पेट्रोल हवं असतं. मिश्रण पातळ झालं की ते हळू जळतं. इतकं हळू, की इनटेक व्हॉल्व्ह पुन्हा उघडतो तेव्हाही आत जाळ शिल्लक असतो आणि तो मागे मॅनिफोल्डमधल्या (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधल्या) मिश्रणाला पेटवतो. ज्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, तिथे मॅनिफोल्डमध्ये फक्त हवाच असल्यामुळे हा प्रकार क्वचित होतो.

इथे स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा, वाचता आलं पाहिजे. मिश्रण पातळ वाटलं की कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो आणि आकडा अधिकमध्ये जातो. अल्पकालीन आणि दीर्घकालीन दोन्हींची बेरीज साधारण १० टक्क्यांच्या आत असेल तर मी चिंता करत नाही. महत्त्वाचं म्हणजे तो आकडा कधी वाढतो. स्लो रनिंगला +२०, +२५ असेल आणि २,५०० आरपीएमला खाली येत असेल, तर थ्रॉटलच्या पुढे कुठेतरी चोरून हवा शिरतेय: फाटका व्हॅक्यूम पाइप, इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग, ब्रेक बूस्टरची नळी. स्लो रनिंगला ठीक आणि लोडबरोबर वाढत असेल, तर पेट्रोल पुरत नाहीये किंवा हवा मोजणारा सेन्सर मळलाय. तुमचा त्रास दुसऱ्या जातीचा आहे, त्यामुळे व्हॅक्यूम पाइप शोधत बसण्यात फारसं हाती लागणार नाही. हे आकडे मध्यम लोडवर वाचा, कारण पाय पूर्ण दाबल्यावर बहुतेक गाड्यांचा कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सरचं ऐकणं सोडून देतो.

यात एक फसवी जागा आहे. ठिणगीच उडाली नाही, तर त्या सिलिंडरची हवा न वापरता बाहेर पडते. ऑक्सिजन सेन्सर फक्त ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल नाही, म्हणून तो 'मिश्रण पातळ आहे' असंच सांगतो. कॉइलचा दोष असताना पातळ मिश्रणाचा कोड पी०१७१ येतो तो असा, आणि तो वाचूनच 'इंजेक्टर चोक झालेत' हा निष्कर्ष निघतो. तुम्हाला मिळालेल्या सल्ल्याचं मूळ बहुधा इथेच असावं. म्हणून मिसिंगचा कोड असेल तर आधी तो मिटवायचा, ट्रिमकडे नंतर बघायचं.

पेट्रोलचा पुरवठा तपासायचा तर प्रेशर गेज लावून गाडी रस्त्यावर चालवली पाहिजे. मॅनिफोल्डमध्ये फवारा असलेल्या बहुतेक इंजिनांत दाब ३ ते ४ बारच्या आसपास असतो. जागेवर बहुतेक गाड्या ठीक दाब दाखवतात. खरी परीक्षा चढावर, पाय दाबलेला असताना. तिथे काटा घसरत गेला तर पंप थकलाय किंवा फिल्टर तुंबलाय. दुबळ्या पंपाची खूण अशी की पाय दाबल्यावर पहिले काही सेकंद गाडी नीट ओढते, मग मरगळते. मिसिंग तसं नसतं, ते पाय दाबताक्षणी झटका देतं. थेट फवाऱ्याच्या इंजिनात वरच्या बाजूचा दाब शंभर बारच्या पुढे जातो. तिथले नट स्वतः उघडू नका, त्या दाबाची धार कातडीतून आत शिरते.

हवा मोजणारा सेन्सर साफ करायचा तर त्याच्यासाठी मिळतो तोच स्प्रे वापरा. कार्ब्युरेटरचा नको, आणि आतल्या तारेला कापूस किंवा बोट लागता कामा नये.

आवाज एक्झॉस्टकडून, पण इंजिनाच्या अगदी जवळून, टक्-टक् किंवा फट्-फट् असा तालात येत असेल आणि गाडी झटके देत नसेल, तर ते मिसिंग नसून गळती असेल. मॅनिफोल्डचं पॅकिंग जळलेलं असतं किंवा स्टड तुटलेला असतो. सकाळी थंड इंजिन सुरू केल्याबरोबर तो आवाज सर्वात मोठा असतो आणि धातू तापून फुगला की कमी होतो. सांध्यापाशी काळी काजळी दिसते. ही गळती आवाजापुरती समजून सोडून देऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि बॉनेटखालचा धूर केबिनमध्ये यायला फार काही लागत नाही.

इंजिनाच्या पोटातली कारणं शेवटी बघायची, एक अपवाद सोडून. आवाज टायमिंग बेल्ट किंवा चेनचं काम झाल्यानंतर सुरू झाला असेल, तर आधी टायमिंगच्या खुणा तपासा. एक दात चुकला तरी इंजिन सुरू होतं, चालतं, पण पिकअप जातो आणि जोर लावला की फटफटतं. एरवी कॉम्प्रेशन घ्या: सगळे प्लग बाहेर, पेट्रोल आणि इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. चांगल्या पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १३ बार मिळतात. पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बघा. तो १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर त्या सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरून कान लावा. थ्रॉटलमधून सूं आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्ह बसत नाही, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आला तर रिंग, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट. कॉम्प्रेशन उत्तम असूनही एकच सिलिंडर एअर फिल्टरकडे फटफटत असेल तर व्हॉल्व्ह कव्हर उघडून कॅमशाफ्ट बघा. एक्झॉस्टचा लोब (व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्टवरचा उंचवटा) झिजला की जळालेला धूर बाहेर जाऊ शकत नाही आणि इनटेक उघडताच उलटा येतो. हे दुर्मिळ आहे, पण लक्षात नसेल तर आठवडे जातात.

जो आवाज इंजिनाचा नाहीच, त्याच्यामागे इंजिन उघडलं जाऊ नये म्हणून एक सोपी चाचणी. एकाच वेगाने, समजा ताशी ४० किलोमीटरने, आधी तिसऱ्या आणि मग चौथ्या गिअरमध्ये जोर लावा. गिअर बदलल्यावर आवाजाचा ताल बदलला तर तो इंजिनाचा. ताल तोच राहिला तर चाकांच्या बाजूचा. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू ॲक्सिलरेटर दिल्यावर कट-कट-कट येत असेल तर बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा चाकाजवळचा सांधा. त्याचा रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं दिसेल. गाडी सुटताना एकच 'धप्' येत असेल तर इंजिन माउंटिंग किंवा खालच्या आर्मचे बुश. आणि पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा टणटणाट येत असेल तर ते इंजिनाचं नॉकिंग (मिश्रण वेळेआधी किंवा बेताल पेटणं), त्याचं कारण कमी ऑक्टेनचं पेट्रोल, कार्बन आणि अतितापमान यांत शोधायचं.

गाडीला सीएनजी किट असेल तर एवढं बघाच: गॅसला ठिणगीसाठी पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात, म्हणून दुबळा बूट गॅसवर आधी पकडला जातो. त्रास गॅसवर जास्त आणि पेट्रोलवर कमी असेल, तर इग्निशनवरचा माझा संशय आणखी पक्का होतो. इनटेकमधून फटका आला तर एअर फिल्टरचा डबा फुटू शकतो, त्यामुळे तो तपासल्याशिवाय गाडी पुढे नेऊ नका.

तुमच्या गाडीत मी काय करेन? चारही बूट नवे घालेन, कारण चारही एकाच वयाचे आहेत. त्यांच्या तोंडाला आतून सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस अगदी पातळ लावेन. रेघ पडलेले प्लग बदलेन, थंड इंजिनात आधी हाताने पूर्ण फिरवून, मग टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या आकड्याइतके आवळेन, कारण ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की काम फार वाढतं. कॉइल अदलाबदलीत दोषी ठरेल तेवढीच बदलेन. काही गाड्यांत बूट सुटा मिळत नाही, तिथे मात्र पूर्ण कॉइल घ्यावी लागते. मग कोड पुसून त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, इंजिन पूर्ण तापलेलं असताना जाईन आणि स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरच्या मिसफायरची मोजणी बघेन. आधीचा त्रास आठवड्याने परतला होता, म्हणून दहा-पंधरा दिवसांनी तीच मोजणी पुन्हा बघा. तेव्हाही चारही सिलिंडर शून्याजवळ असतील तर इंजेक्टरना हात लावायचं कारण उरत नाही. एखादा सिलिंडर अजूनही मिस मारत असेल, आणि त्याची कॉइल, प्लग, कॉम्प्रेशन सगळं ठीक असेल, तर फक्त त्या एका इंजेक्टरची शेजारच्याशी अदलाबदल करून बघा.